पुसलेला नाताळ

२५ डिसेंबर १९६५, शनिवार. संध्याकाळी बीबीसीवर 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेचा नवा भाग लागला. मालिका शनिवारची, आणि त्या वर्षी नाताळही शनिवारीच आला. बारा भागांच्या 'द डालेक्स मास्टर प्लॅन' या कथेतला हा सातवा भाग, नाव 'द फीस्ट ऑफ स्टीव्हन'. सणाच्या दिवशी पोरांच्या पुढ्यात डालेक हे मालिकेतले क्रूर शत्रू नकोत म्हणून त्यांना त्या आठवड्यापुरतं बाजूला ठेवलं होतं. डॉक्टरचं यान आधी इंग्लंडमधल्या एका पोलीस ठाण्याबाहेर उतरतं, मग मूकपटांच्या जमान्यातल्या हॉलिवूडच्या स्टुडिओत घुसतं आणि तिथे एकच गोंधळ उडतो. शेवटी डॉक्टर झालेला विल्यम हार्टनेल हातात पेला घेऊन सोबत्यांना शुभेच्छा देतो. मग थेट कॅमेऱ्याकडे वळतो आणि घरोघरी बसलेल्या प्रेक्षकांनाही नाताळच्या शुभेच्छा देतो.

हा भाग आज पाहायची सोय नाही. बीबीसीनं टेप पुसली.

कथेच्या बाकीच्या अकरा भागांच्या निदान फिल्मवर प्रती काढल्या होत्या, परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी. नाताळच्या भागाची प्रतसुद्धा काढली नाही. सणाचा भाग परदेशात भलत्याच महिन्यात कोण दाखवणार, हा हिशेब. दुकानदाराचा हिशेब म्हणून तो चोख होता. लोकांकडून परवाना शुल्क घेणाऱ्या संस्थेनं तो करावा, हे मात्र निलाजरं होतं. ज्या भागात नट प्रेक्षकांशी थेट बोलला, नेमका तोच भाग 'एका दिवसाचा' म्हणून सगळ्यात आधी निरुपयोगी ठरला.

आवाज तेवढा उरला. त्या काळी काही घरांत टेपरेकॉर्डर आला होता. मालिकेच्या वेडानं झपाटलेली पोरं मायक्रोफोन टीव्हीच्या स्पीकरपुढे धरून अख्खा भाग ध्वनिमुद्रित करायची. 'डॉक्टर हू'चे पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले. त्यातले नव्वदहून जास्त आज चित्ररूपात नाहीत. पण एकूण एक हरवलेल्या भागाचा आवाज आहे, आणि तो या पोरांमुळे आहे. राष्ट्रीय प्रसारण संस्थेचं काम घरातल्या शाळकरी मुलांनी केलं. हे वाक्य बीबीसीच्या दारावर कोरून ठेवायला हवं.

दर डिसेंबरात ब्रिटिश वाहिन्या जुनं काढून बसतात. बीबीसी फोर तेच करते. २०१५ मध्ये सुरू झालेली टॉकिंग पिक्चर्स टीव्ही ही छोटी वाहिनी तर वर्षभर जुन्यावरच उभी आहे. दुपारी तीनला राजघराण्याचा संदेश (दूरचित्रवाणीवर तो १९५७ पासून), मग जेवणाची सुस्ती, आणि अंधार पडल्यावर जुने विनोदी कार्यक्रम आणि भुताच्या गोष्टी. मला या संध्याकाळी अतिशय प्रिय आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणी 'स्मरणरंजन' म्हणून नाक मुरडलं तर मी भांडते. हे काम उत्तम आहे म्हणून बघायचं, जुनं आहे म्हणून नव्हे. पण बघताना ध्यानात ठेवायचं की पडद्यावर येतंय ते कुणी जाणतेपणानं जपलेलं नाही. बरंचसं योगायोगानं वाचलेलं आहे. आणि आज जे नाताळची आठवण म्हणून ते अभिमानानं दाखवतात, त्यांच्याच संस्थेनं उरलेलं पुसलं.

मोरकॅम आणि वाइज ही विनोदी जोडी घ्या. १९७१ च्या नाताळात त्यांनी आंद्रे प्रेविनला बोलावलं. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचा प्रमुख संगीत संचालक, जगात नाव असलेला माणूस. ग्रीगचा पियानो कन्चेर्टो वाजवायचा होता आणि पियानोवर बसला एरिक मोरकॅम. प्रेविनला तालमीला फारसा वेळ नव्हता, संवाद त्यानं विमानतळावरून येताना गाडीत पाठ केले. तरी त्याचा चेहरा बघा. एरिक सुरांची वाट लावतो तेव्हा प्रेविन हसत नाही, रागावतही नाही, फक्त एका खऱ्या संगीतकाराला वाटेल तेवढंच दुःख चेहऱ्यावर आणतो. एडी ब्रेबनचं लेखन इतकं घट्ट आहे की त्यात एक शब्द फालतू सापडत नाही. १९७७ चा त्यांचा नाताळचा कार्यक्रम बीबीसीच्या मोजणीप्रमाणे २ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला. दुसरी मोजणी २ कोटी १० लाखांच्या आसपास सांगते. कमीतला आकडा धरा. साडेपाच कोटींच्या देशात तोही थक्क करणारा आहे.

तेव्हा वाहिन्या तीनच. बीबीसीचे कार्यक्रम छापायचे 'रेडिओ टाइम्स'नं, आयटीव्हीचे 'टीव्ही टाइम्स'नं. एकमेकांचं वेळापत्रक छापायची मुभा १९९१ मध्ये मिळाली. म्हणून नाताळात घरोघरी दोन्ही साप्ताहिकं यायची आणि लोक पेन घेऊन कार्यक्रमांभोवती गोल काढायचे. व्हिडिओ रेकॉर्डर बहुतेकांकडे नव्हता. हुकलं ते हुकलं.

याच जोडीच्या बीबीसीवरच्या गाजलेल्या कार्यक्रमाची पहिली मालिका १९६८ ची. तिचे कित्येक भाग पुसले गेले.

आता भुतं. इंग्रज लोक नाताळात भुताच्या गोष्टी सांगतात, हे आपल्याकडच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे सणाच्या दिवशी घरात भुताचं नाव काढलं तर आजी तोंडावर हात ठेवील. तिथे डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधार होतो, रात्र सोळा तासांची असते आणि घर माणसांनी भरलेलं असतं. गोष्ट सांगायला याहून चांगली वेळ नाही. डिकन्सनं ही रीत छापील केली. एम. आर. जेम्स हा मध्ययुगीन हस्तलिखितांचा पंडित, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा प्रमुख. नाताळच्या आदल्या रात्री मित्र खोलीत जमायचे आणि तो आपली नवी गोष्ट वाचून दाखवायचा.

१९७१ मध्ये लॉरेन्स गॉर्डन क्लार्क या माहितीपट करणाऱ्या दिग्दर्शकानं जेम्सची एक गोष्ट उचलली आणि बीबीसीसाठी 'द स्टॉल्स ऑफ बार्चेस्टर' केली. नॉरिचच्या कॅथीड्रलमध्ये चित्रीकरण, छोटा चमू, बेताचा पैसा. तिथून १९७८ पर्यंत दर नाताळात एक भूतकथा. १९७२ ची 'अ वॉर्निंग टू द क्यूरियस' बघाच. मंदीत नोकरी गेलेला एक कारकून नॉरफोकच्या किनाऱ्यावर पुरलेला सॅक्सन मुकुट शोधायला येतो. पीटर व्हॉननं हा कारकून असा केला आहे की भुताच्या आधी आपल्याला त्याच्या झिजलेल्या बुटांची काळजी वाटते. सपाट किनारा, पाइनची राई, आणि दूरवर एक काळी आकृती. बाकी काहीही नाही. आजच्या भयपटात दर दोन मिनिटांनी कानठळ्या बसवणाऱ्या मंडळींनी ही पन्नास मिनिटं पाहावीत आणि आवाजाचं बटण खाली आणावं.

१९७६ ची 'द सिग्नलमन' डिकन्सची. खोल खोदलेल्या रेल्वेमार्गात, बोगद्याच्या तोंडाशी, एकटा सिग्नलवाला. बोगद्याशी कुणीतरी उभं राहून हात हलवतं आणि त्यानंतर अपघात होतो. डेनहम एलियटनं केलेला हा माणूस वेडा नाही. तो कामसू आहे, जबाबदारीनं पिचलेला आहे. धोका येतोय हे त्याला कळतं आणि कुणाला, कशाबद्दल, काय तार करायची हे कळत नाही. डिकन्स स्वतः ९ जून १८६५ ला स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून वाचला होता, जखमींना त्यानं पाणी पाजलं होतं. पुढच्याच वर्षीच्या नाताळ अंकात ही गोष्ट आली. १८७० मध्ये त्याच तारखेला, ९ जूनला, तो गेला. ही भीती त्यानं कल्पनेतून काढलेली नव्हती, आणि एलियटच्या डोळ्यांत ती उतरली आहे.

या भूतकथा फिल्मवर चित्रित झाल्या. फिल्म पुसून पुन्हा वापरता येत नाही. त्यांचं हे नशीब.

व्हिडिओटेपचं तसं नव्हतं. दोन इंच रुंदीची टेप महाग होती, आणि शाळेतली पाटी पुसावी तशी ती पुसता यायची. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे कार्यक्रम मर्यादित वेळा आणि मर्यादित मुदतीतच पुन्हा दाखवता यायचा. या करारासाठी मी नटांना दोष देत नाही. जुन्याच कार्यक्रमांवर वाहिनी भागवू लागली तर नव्या नटानं खायचं काय, ही त्यांची भीती रास्त होती. १९६७ पासून रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि कृष्णधवल कार्यक्रमांची किंमत कागदावर शून्य झाली. इथवर कारणं समजतात.

पुढचं कारण समजत नाही आणि माफही होत नाही. बीबीसीच्या फिल्म लायब्ररीकडे जबाबदारी होती ती फिल्मवर केलेल्या कार्यक्रमांची. टेपा अभियांत्रिकी विभागाकडे. परदेशी विक्रीच्या प्रती बीबीसी एंटरप्रायझेसकडे. टेपवाले म्हणायचे, विक्रीवाल्यांकडे प्रत असेल. विक्रीवाले हक्कांची मुदत संपली की प्रती नष्ट करायचे, कारण मूळ टेपवाल्यांकडे असणारच. तिघांपैकी एकानंही दुसऱ्याला फोन केला नाही. १९७८ मध्ये सगळंच जपायचं धोरण आलं, तोवर दशकाचं दशक गेलं होतं.

आणि 'फालतू होतं तेच गेलं' असं कुणी सांगू नये. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला त्या रात्रीचं बीबीसीच्या स्टुडिओतलं प्रसारण बहुतेक सगळं गेलं. पीटर कुक आणि डडली मूर या विनोदी जोडीच्या 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो'चे कित्येक भाग गेले. कुकनं टेपांचा खर्च स्वतः द्यायची तयारी दाखवली होती, त्याला नकार मिळाला. माणूस स्वतःचं काम स्वतःच्या पैशानं सोडवायला आला आणि संस्थेनं त्याला परत पाठवलं! आयटीव्हीच्या कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या. पण त्या व्यापारी होत्या. बीबीसीला ती सबब नाही.

या सगळ्यावरची सगळ्यात जहाल टीका बीबीसीनंच प्रसारित केली आहे, नाटकाच्या रूपात. २५ डिसेंबर १९७२ च्या रात्री, बीबीसी टूवर. नाव 'द स्टोन टेप', लेखक नायजेल नील.

नीलला आपलं काम नाहीसं होणं ठाऊक होतं. १९५३ ची त्याची 'द क्वाटरमास एक्स्परिमेंट' ही सहा भागांची मालिका ब्रिटन श्वास रोखून बघत होता. तिच्या पहिल्या दोनच भागांचं मुद्रण झालं, तेवढेच आज आहेत. १९६३ चं त्याचं 'द रोड' हे नाटक तर अख्खं गेलं. अठराव्या शतकातल्या एका रानात गावकऱ्यांना भयानक आवाज ऐकू येतात, ते भुतांचे समजून शोध घेतला जातो, आणि ते आवाज असतात भविष्यातल्या अणुयुद्धात पळणाऱ्या माणसांचे. असली कल्पना टेपवरून पुसून टाकणाऱ्याला रात्री झोप कशी लागली असेल? संहिता उरली म्हणून २०१८ मध्ये बीबीसी रेडिओवर ती निदान पुन्हा करता आली.

'द स्टोन टेप'ची गोष्ट अशी. एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचं संशोधन पथक जुन्या वाड्यात मुक्कामाला येतं. जपान्यांच्या पुढे जायचं तर टेपपेक्षा वेगळं, नवं ध्वनिमुद्रणाचं माध्यम शोधायला हवं. वाड्यातली एक खोली अपुरी आहे, मजूर तिथे काम करायला नकार देतात. पथकातली संगणकतज्ज्ञ जिल त्या खोलीत एका मोलकरणीला पायऱ्या चढून धावताना आणि कोसळताना बघते. ती बाई कधीच मेलेली आहे. जेन ॲशरनं ही जिल ज्या पद्धतीनं केली आहे त्याला तोड नाही. घाबरलेली असूनही तिची बुद्धी चालत राहते आणि ते चेहऱ्यावर दिसतं. पथकाच्या ध्यानात येतं की भूत वगैरे काही नाही, खोलीच्या दगडातच त्या क्षणाची नोंद झाली आहे. दगड हीच टेप. प्रमुख पीटर ब्रॉक हर्षानं वेडा होतो, कारण माध्यम सापडलं! मग यंत्रं आणतात, खोलीवर आवाजांचा, लहरींचा मारा करतात, दगडानं हुकमावर नोंद ऐकवावी म्हणून. आणि त्या माऱ्यात नोंद पुसली जाते.

प्रमुखाला वाटतं, प्रयोग फसला, चला पुढे. जिल एकटी विचार करत राहते की वरची नोंद पुसली, तर तिच्याखाली आणखी जुनी काय आहे? त्या खालच्या नोंदीनं ती मरते. शेवटी ब्रॉक खोलीत येतो तेव्हा दगड तिचीच किंकाळी त्याला ऐकवतो.

ज्या संस्थेत त्या वर्षीही टेपा पुसल्या जात होत्या, तिच्याच स्टुडिओत हे झालं, तिच्याच वाहिनीवर नाताळच्या रात्री गेलं. नीलच्या मनात नेमकं काय होतं याच्याशी मला देणंघेणं नाही, गोष्टीत ते आहे. घाईत असलेला, बाजाराकडे डोळे लावलेला वरिष्ठ, हातात आलेलं अमोल काहीतरी, ते वापरण्याच्या नादात पुसणं, आणि थांबा म्हणणाऱ्या हाताखालच्या बाईकडे दुर्लक्ष. नव्वद मिनिटांत नीलनं सगळा कारभार मांडला. 'द स्टोन टेप' स्वतः मात्र वाचलं आणि आज मिळतं. डिसेंबरच्या संध्याकाळी एकच गोष्ट बघायची असेल तर ही बघा.

वाचवणारे कोण होते, तेही सांगायला हवं. बॉब मंकहाउस हा ब्रिटनचा नामांकित विनोदवीर आणि वेडा संग्राहक. त्यानं घरी फिल्मा आणि टेपा साठवल्या. त्याच्या घरावर पोलिसांची धाड पडली. फिल्म कंपन्यांना फसवण्याच्या कटाचा आरोप ठेवून १९७९ मध्ये त्याला लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात उभं केलं. तो सुटला. २००३ मध्ये तो गेल्यावर त्याच्या संग्रहात असे कार्यक्रम निघाले ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. साठवणाऱ्यावर खटला झाला. पुसणाऱ्यांपैकी एकावरही झाला नाही, त्यांना निवृत्तिवेतन मिळालं. यामुळे किती संग्राहकांनी घाबरून आपल्या पेट्या बंदच ठेवल्या असतील, याचा विचार केला की जीव कासावीस होतो.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं १९९३ मध्ये शहाणपण दाखवलं. 'मिसिंग बिलीव्ह्ड वाइप्ड' नावाचा कार्यक्रम त्यांनी सुरू केला, आणि लंडनच्या साउथ बँकवरच्या त्यांच्या चित्रपटगृहात तो बहुधा डिसेंबरातच होतो. हरवलेलं आणि सापडलेलं लोकांसमोर दाखवायचं. लोक माळ्यावरून, गॅरेजमधून डबे घेऊन येतात. ११ डिसेंबर २०११ ला तिथे 'डॉक्टर हू'चे दोन हरवलेले भाग मिळाल्याचं जाहीर झालं. दूरचित्रवाणीत पूर्वी अभियंता असलेल्या एका माणसानं शाळेच्या जत्रेत जुन्या फिल्मा विकत घेतल्या होत्या, त्यात ते होते. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जॉस शहरातल्या केंद्रातून आणखी नऊ भाग मिळाले. हाँगकाँगमधून १९९२ मध्ये चार भागांची एक अख्खी कथा परत आली होती. ज्या देशांना 'मागासलेले' म्हणायची सवय होती, त्यांच्या कपाटांनी लंडनपेक्षा जास्त जपलं.

यातलं आपलं काय? पु. ल. देशपांडे आकाशवाणीत असताना बीबीसीत दूरचित्रवाणी शिकायला गेले होते, 'अपूर्वाई' त्याच प्रवासाची. तिथली शिस्त, तिथली तालीम, तिथली जिद्द आपल्याकडे आली. दुर्दैवानं टेपेवर टेप करायची सवयही इथे रुजली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, 'द स्टोन टेप'च्या आधी बारा आठवडे. इथेही टेपा महाग होत्या, इथेही त्या पुन्हापुन्हा वापरल्या गेल्या, आणि सुरुवातीच्या वर्षांतलं बरंच काम कायमचं गेलं. तिथे काम केलेल्या माणसांनी हे कळवळून सांगितलेलं आहे. मराठी रंगभूमीचे, साहित्याचे, संगीताचे किती चेहरे त्या स्टुडिओत येऊन गेले असतील! ब्रिटनमध्ये या नुकसानीची यादी आहे, भागवार, तारखेवार. आपल्याकडे काय गेलं याची धड यादीसुद्धा लोकांपुढे नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ऐंशीच्या दशकात ज्या घरांत व्हीसीआर आला, त्या घरांच्या माळ्यांवर कॅसेटी आहेत. वर 'ताईचं लग्न' लिहिलंय, पण लग्नाआधी किंवा लग्नानंतर त्याच कॅसेटवर दूरदर्शनचा एखादा कार्यक्रम असू शकतो. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली, कॅसेटींना बुरशी लागते आहे, वेळ फार नाही. मुंबई दूरदर्शनच्या वरळीच्या केंद्रानं दर २ ऑक्टोबरला जाहीर आवाहन करावं. आधी हरवलेल्या कार्यक्रमांची यादी छापावी. कॅसेट आणणाऱ्याला पावती द्यावी, प्रत काढून मूळ कॅसेट परत करावी. आणि हक्कभंगाचा जाब कुणालाही विचारला जाणार नाही, हे पावतीवरच लेखी द्यावं.